आरिएरोचा माथा, सूर्य बुडाल्यावर

नमस्कार, श्रोतेहो.

आधी एक काम करा. कपाटातलं सगळ्यात जाड जाकीट काढून ठेवा. आज आपल्याला जायचंय मदेरा नावाच्या बेटावर. अटलांटिक महासागरातलं, पोर्तुगालच्या ताब्यातलं, बारा महिने हवा सुखाची म्हणून नावाजलेलं हे बेट. आपल्या जम्मूच्या अक्षांशावर येतं. तिथल्या राजधानीत, फुंशालमध्ये, जूनच्या संध्याकाळी तुम्ही पातळ सदऱ्यावर समुद्रकाठी फिराल आणि म्हणाल, जाकीट कशाला? पण सूर्यास्त बघायला आपण जीपच्या सहलीनं जाणार पिको दो आरिएरो या शिखरावर. उंची १८१८ मीटर. हजार मीटर वर गेलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. त्यात जीप उघडी आणि माथ्यावर वारा. म्हणून पुन्हा सांगते, जाकीट.

आरिएरो हे बेटावरचं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर. सगळ्यात उंच पिको रुइवो, १८६२ मीटर. पण तिथे गाडी जात नाही, पायीच जावं लागतं. आरिएरोच्या माथ्यापर्यंत रस्ता आहे. पोर्तुगालच्या हवाई दलाचा रडारचा पांढरा गोल घुमट तिथेच आहे. म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही हा सूर्यास्त बघता येतो. फुंशालच्या बंदरापासून वर पोहोचायला सरळ रस्त्यानं तास पुरतो. समुद्रसपाटीवरून अठराशे मीटर, एका तासात! कानात दडे बसतात, तेव्हा आवंढा गिळत राहायचं.

मग जीप कशाला, असं कुणीही विचारेल. खरं सांगायचं तर शेवटचा टप्पा चक्क डांबरी आहे. कच्चा रस्ता लागतो तो खाली, जंगलाच्या पट्ट्यात. तिथे जंगल खात्याच्या मातीच्या वाटा आहेत, चढ अंगावर येणारे आहेत, आणि वळणं अशी की मोठी बस वळूच शकत नाही. सहा-आठ माणसांची जीप मात्र चारही चाकांना जोर देत चढते. बाजूनं लेवाडा वाहत असतात. लेवाडा म्हणजे डोंगरातलं पाणी शेतापर्यंत नेणारे अरुंद पाट. शेकडो वर्षांपासून खोदत आणलेले, आणि अजूनही वाहते. जीपमध्ये बसताना ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे तोंड करून असलेली जागा मागून घ्यावी, आडव्या बाकावर बसू नये. आणि छोट्या गटाचा खरा फायदा म्हणजे ड्रायव्हर तुमचा चेहरा ओळखतो. "थांबा" म्हटलं की थांबतो.

या जंगलाच्या पट्ट्यात निलगिरीची झाडंच झाडं दिसतात. सरळसोट, उंच, वास छान. पण मला ती झाडं तिथे बघवत नाहीत. ती त्या बेटाची नव्हेत, बाहेरून आणून लावलेली आहेत, आणि आग लागली की भडकतात. बेटाचं स्वतःचं रान म्हणजे लॉरेल जातीच्या झाडांचं, दाट, ओलं, शेवाळलेलं. युनेस्कोनं १९९९ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मदेरा या शब्दाचा अर्थच मुळी लाकूड. पंधराव्या शतकात दर्यावर्दी तिथे उतरले तेव्हा बेट झाडांनी भरलेलं होतं, म्हणून हे नाव. असं रान ज्यांच्या दारात आहे त्यांनी आणखी निलगिरी लावू नये, असं मला मनापासून वाटतं. असो. आपण वर निघालो होतो.

आता ढगांचं. हे नीट ऐका, कारण इथेच लोक चुकतात. जूनमध्ये फुंशालवर कित्येक दिवस राखाडी ढगांचं झाकण बसलेलं असतं. तिथले लोक त्याला 'कापासेत' म्हणतात, म्हणजे शिरस्त्राण. खालून बघून वाटतं, आज कसला सूर्यास्त! पण ईशान्येचे वारे समुद्रावरची दमट हवा डोंगरावर चढवतात, वरती उबदार कोरड्या हवेचा थर असतो, आणि ढगांना त्या थराच्या वर जाता येत नाही. शिखर बहुतेक वेळा त्या थराच्याही वर डोकं काढून असतं. म्हणून खाली ढग आहेत याचा अर्थ वर ढग आहेत असा नाही. पुन्हा सांगते, खालचं आभाळ बघून वरचा बेत मोडू नका. शिखरावर कॅमेरा बसवलेला आहे, त्याचं चित्र मोबाइलवर बघा आणि मग ठरवा.

आता माझी गोष्ट.

जूनचा तिसरा आठवडा. आम्ही सात जण. मी, एक निवृत्त शाळामास्तरीण, एक जर्मन जोडपं, दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील, आणि एक अबोल तरुण. ड्रायव्हर पन्नाशीचा, बेटावरचाच. खाली कापासेत बसलेला. हजार मीटरच्या पुढे आम्ही ढगात शिरलो आणि समोरचं काही दिसेना. पापण्यांवर पाणी जमत होतं. जर्मन बाई म्हणाल्या, परत फिरू या. ड्रायव्हर काही बोलला नाही, गिअर खाली घेतला आणि चालवत राहिला. पोइझोची खिंड मागे पडली, आणखी दोन-तीन वळणं झाली, आणि एकाएकी ऊन! जीपचं बॉनेट, आमचे हात, मास्तरीणबाईंची जांभळी शाल, सगळं पिवळंधमक. खाली ढगांचा समुद्र क्षितिजापर्यंत पसरलेला आणि त्यातून डोंगरांची काळी टोकं वर आलेली.

माथ्यावर शंभरेक माणसं तरी होती. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. नऊ वाजून गेले होते. एवढ्या उंचीवरून क्षितिज दीडशे किलोमीटर लांब जातं, त्यामुळे सूर्य किनाऱ्यापेक्षा सहा-सात मिनिटं उशिरा बुडतो. तो टेकायला आला तेव्हा आमच्या ड्रायव्हरनं सगळ्यांच्या खांद्यांवर एकेक करून हात ठेवला आणि आम्हाला उलटं फिरवलं. पूर्वेकडे! मला आधी राग आला. इतक्या लांबून आले ती सूर्यास्ताला पाठ दाखवायला का?

पण पूर्वेला ढगांवर डोंगराची सावली पडली होती. निळसर, टोकदार, रेघेनं आखावा तसा त्रिकोण. देझेर्तास बेटांच्या दिशेला ती लांब होत चालली होती, नुसत्या डोळ्यांना तिचं सरकणं कळत होतं. आरिएरोचा माथा काही त्रिकोणी नाही, ओबडधोबड आहे. पण सावली इतकी लांब जाते की तिच्या दोन्ही कडा दूरवर जुळल्यासारख्या दिसतात. आणि सूर्य गेला तेव्हा क्षितिजावरून एक निळा-करडा पट्टा वर चढला, त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपण जिच्यावर उभे आहोत तिची सावली हवेवर पडलेली मी पहिल्यांदाच बघत होते. ती मुलगी वडिलांना विचारत होती, "आपली पण सावली आहे का त्यात?" वडील म्हणाले, "असणारच."

सूर्याचं बिंब बुडालं आणि लोक निघाले. पाच मिनिटांत निम्मं पटांगण रिकामं. मला हे कधीच कळलेलं नाही. खरे रंग बिंब गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी येतात. श्रोतेहो, बिंब बुडालं की निघू नका. अर्धा तास थांबा. आपल्याकडेही लोक असेच निघतात, मैफलीत भैरवी सुरू झाली की चपला शोधायला लागतात.

आम्ही थांबलो. शेवटी निघायला जीपपाशी आलो तर मागचं डावं चाक बसलेलं. खालच्या वाटेवर कुठलातरी अणकुचीदार दगड टायरच्या बाजूला घासला होता आणि हवा हळूहळू निघून गेली होती. यात दोष कुणाचा नाही, ज्वालामुखीचा खडक आहे तो. स्टेपनी होती, जॅक होता. पण पाचांपैकी एक नट काही केल्या हलेना. ड्रायव्हर चाकापाशी बसून मला म्हणाला, "शाव, शाव." मला चावी ऐकू आलं, मी गाडीची चावी काढून दिली. त्याला पाना हवा होता. पोर्तुगीजमध्ये दोन्हीला तोच शब्द, आणि आपली चावी त्यांच्याकडूनच आलेली. पाव, बटाटा, साबण, पगार आले तशी. त्या अंधारात, घरापासून इतक्या लांब, स्वयंपाकघरातले शब्द असे भेटले की फार बरं वाटतं.

नटावर तेल सोडलं. जर्मन गृहस्थ पान्यावर उभे राहिले. तरुणानं मोबाइलचा उजेड धरला. नट ढिम्म. आता पटांगणात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. माझी बोटं आखडली होती. मास्तरीणबाईंनी शाल काढून त्या मुलीला गुंडाळली आणि स्वतः जीपच्या आडोशाला उभ्या राहिल्या. डोक्यावर इतक्या चांदण्या, की ओळखीचे तारेसुद्धा त्या गर्दीत सापडेनात.

पावणेअकराच्या सुमाराला दरीतून आवाज आला. लांबट, कण्हल्यासारखा, शेवटी तुटणारा. कुणीतरी खूप दुःखात रडतंय असा. अंगावर काटा आला माझ्या. मुलगी वडिलांना बिलगली. परत आवाज आला, आता दुसऱ्या बाजूनं, आमच्या डोक्यावरून गेल्यासारखा. ड्रायव्हरनं पाना खाली ठेवला, तरुणाला हातानं खूण केली, उजेड बंद. आणि हळूच म्हणाला, "फ्रेइरा."

फ्रेइरा म्हणजे नन, जोगीण. हे नाव आहे एका समुद्रपक्ष्याचं. साधारण पारव्याएवढा, वरून करडा, पोटाला पांढरा. दिवसभर समुद्रावर असतो आणि पूर्ण अंधार पडल्यावरच डोंगरात येतो. जगात दुसरीकडे कुठेही याची घरटी नाहीत. फक्त इथे, आरिएरोच्या आसपासच्या कड्यांवर, मातीच्या बिळांत. जोड्या शंभराच्या आत. वर्षाला एकच अंडं घालतो. विसाव्या शतकात हा पक्षी संपलाच असं धरून चालले होते. १९६९ साली तो पुन्हा सापडला, आणि कसा सापडला ते ऐका. झीनो नावाच्या पक्षीवेड्या गृहस्थांनी त्याच्या जवळच्या एका जातीचा आवाज टेपवर घेतलेला होता. तो त्यांनी कुराल दास फ्रेइरास या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाला ऐकवला. मेंढपाळानं तो लगेच ओळखला. डोंगरातले लोक पिढ्यान् पिढ्या तो आवाज ऐकत होते, पण त्यांच्या लेखी ते पीडित आत्म्यांचं रडणं होतं. पक्षी म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. इंग्रजीत आज त्या पक्ष्याला झीनोंचंच नाव आहे.

आमच्या ड्रायव्हरची आजी त्याच खोऱ्यातली. तो म्हणाला, लहानपणी असा आवाज आला की आजी छातीवर क्रूस करायची, दार लावायची आणि आम्हाला पांघरुणात घ्यायची. मग थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, २०१० च्या ऑगस्टमध्ये इथे वणवा आला. घरट्यांत पिल्लं होती. बरीचशी बिळातच गेली. पुढे लोकांनी वर चढून माती धरून ठेवायला जाळ्या अंथरल्या, पक्ष्यांसाठी बिळं करून दिली. "दर वर्षी पहिला आवाज येईपर्यंत मला चैन पडत नाही," असं म्हणाला तो.

आम्ही आठ जण त्या काळोखात बसून राहिलो. जाकिटं ओढून, एकमेकांना चिकटून. किती आवाज ऐकले मोजलं नाही. एकदा अगदी जवळून पंखांचा फडत्कार गेला, वारा लागला गालाला. बोललं कुणीच नाही, ती मुलगीसुद्धा नाही.

नट शेवटी सुटला तो अकरा वाजून गेल्यावर. कर्र असा आवाज झाला आणि जर्मन गृहस्थ पान्यासकट खाली बसले. मग आम्ही सगळे हसलो, पण तेही तोंडावर हात ठेवून.

तर श्रोतेहो, वेळ संपत आली आहे, दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. साधी सूर्यास्ताची सहल अंधार व्हायच्या आत परत फिरते, त्यात हा आवाज ऐकू येणार नाही. पक्ष्यांचे जाणकार रात्रीच्या वेगळ्या फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर जा. एप्रिल ते सप्टेंबरात जा, हिवाळ्यात फ्रेइरा बेटावर नसतात. टॉर्च खाली धरा, फ्लॅश बंद ठेवा, कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकू नका, बिळं तिथेच असतात. उसाची दारू, मध आणि लिंबू घुसळून केलेली पोंशा तुम्हाला सगळे आग्रहानं पाजतील. ती खाली उतरल्यावर प्या, चढायच्या आधी नको, घाटाची वळणं पोटात कालवतात. आणि जाकीट. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.