घड्याळाला लटकलेला हॅरॉल्ड लॉईड

श्रोतेहो, नमस्कार.

मूकपटातला विनोद म्हटलं की आपल्याला चार्ली चॅप्लिनच आठवतो. आज त्याच्याच काळातल्या हॅरॉल्ड लॉईडबद्दल बोलायचंय. आपल्याकडे त्याचं नाव फारसं निघत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

1893 साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात तो जन्मला. हॅल रोच या निर्मात्याकडे आधी त्यानं चॅप्लिनच्याच वळणाची भूमिका केली. ती चाललीही, पण होती उसनी. 1917 मध्ये त्यानं ते सोंग टाकलं आणि बिनकाचेचा गोल चष्मा चढवला. साधा, नीटनेटका, शेजारपाजारचा वाटावा असा तरुण. म्हणूनच तो संकटात सापडला की प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागायचा.

ऑगस्ट 1919. प्रसिद्धीच्या फोटोसाठी त्यानं हातात बॉम्ब धरला होता. खोटा समजून घेतलेला तो बॉम्ब खरंच फुटला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, काही काळ दिसेनासं झालं. तरीही तो कॅमेऱ्यासमोर परतला. उजव्या हातात कातडीच्या रंगाचा हातमोजा, त्यात कृत्रिम अंगठा आणि बोट. पडद्यावर ते कुणाला कळू नये, असा त्याचा कटाक्ष असे. मला हे फार मोठं वाटतं. कीव आली की हसू आटतं हो!

आणि त्याच हातानं 1923 च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये तो घड्याळाच्या काट्याला लटकला. दुकानातला साधा नोकर उंच इमारत चढतोय, तबकडी सुटून पुढे झुकलीय, खाली मोटारी धावताहेत. यासाठी लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्चीवर खोटी भिंत उभारली होती. कॅमेऱ्याचा कोन असा, की गच्ची दिसूच नये, थेट रस्ता दिसावा. खाली गाद्या घातलेला मचाण होता, पण तोल गेला तर तिथून घसरण्याची धास्ती होतीच. लांबून दिसणाऱ्या काही दृश्यांत मात्र बिल स्ट्रोथर हा इमारती चढणारा कसबी माणूस आहे. नायकाच्या मित्राची भूमिकाही त्याचीच.

बोलपटांच्या काळात लॉईड मागे पडला. बहुतेक चित्रपटांचे हक्क त्याच्याकडेच होते आणि टीव्हीला ते तो सहजी देत नसे. त्यामुळे पुढच्या पिढीला तो दिसलाच नाही. 1953 मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं, 1971 मध्ये तो गेला.

‘सेफ्टी लास्ट’ आता इंटरनेटवर सहज सापडतो. घरातल्या मुलांना जवळ घेऊन ती शेवटची चढाई जरूर बघा.