पंचवीसपैकी पाच

(दृश्य: छातीच्या सीटी स्कॅनचा कक्ष, टेबल आत सरकतं)

हात डोक्यामागे, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवलेलं. काचेपलीकडून आवाज येतो, "श्वास घ्या... अजून घ्या... धरून ठेवा." हे काही सेकंद फार मोलाचे. छाती अर्धवट भरली, तर निरोगी फुप्फुसही धुरकट दिसतं. खोकला आला, तर कडा दुहेरी उमटतात. म्हणून दम लागलेल्या रुग्णाचं स्कॅन खालून वर घेतात; श्वासपटलाजवळ हालचाल सर्वाधिक, तो भाग आधी हाती लागतो.

(दृश्य: पडद्यावर सरकणारे काप)

एकेक काप, म्हणजे छातीचा आडवा छेद, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचा. हवा काळी, रक्तवाहिन्या पांढऱ्या. कडेला पाहा, काचेवर वाफ धरल्यासारखा राखाडी डाग. हा ग्राउंड ग्लास. त्यातून वाहिनी ओळखू येते आहे. ती दिसेनाशी झाली, की कन्सॉलिडेशन, म्हणजे हवेची जागा भरून गेलेली. धुरकटपणावर जाळीच्या रेषा आल्या, की क्रेझी पेव्हिंग. कोविडमध्ये हे डाग बहुधा दोन्ही बाजूंना, कडेला, पाठीकडे आणि खालच्या खंडांत.

पण उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग दबतो आणि तिथेही अशीच पट्टी उमटते. शंका आली तर रुग्णाला पालथं झोपवून थोडे काप पुन्हा घ्यायचे. दबलेला भाग मोकळा होतो, आजाराचा डाग हलत नाही.

(दृश्य: रिपोर्टवरचा आकडा, जवळून)

2021 च्या कोविड लाटेत घरोघरी विचारलं जायचं, "स्कोअर किती?" म्हणजे स्कॅनवर फुप्फुस किती बाधित, त्याचे गुण. उजव्या फुप्फुसाचे 3 खंड, डाव्याचे 2. प्रत्येक खंडाला 0 ते 5 गुण: 5 टक्क्यांहून कमी भाग बाधित असेल तर 1, 25 पर्यंत 2, 50 च्या आत 3, 75 पर्यंत 4, त्यापुढे 5. आता पाचही खंडांत एकेक बारीक ठिपका धरा. स्कोअर 25 पैकी 5. घरी अर्थ लागतो, "20 टक्के फुप्फुस गेलं." प्रत्यक्षात 5 टक्केही गेलेलं नसतं!

शिवाय दिवस कितवा? लक्षणांच्या दुसऱ्या दिवशी स्कॅन कोरं येऊ शकतं; डाग साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास कळसाला जातात. तिसऱ्या दिवसाचा 8 आणि बाराव्या दिवसाचा 8 एक नव्हेत. रिपोर्टवर लक्षणांचा दिवस लिहिलाच पाहिजे. नुसता आकडा बघून स्टेरॉइड सुरू केल्याचेही प्रकार झाले.

(दृश्य: बोटावरचा ऑक्सिमीटर)

रक्तातला ऑक्सिजन, 94 टक्के.