लक्षद्वीपला राहायला जाताना: गोडं पाणी

नमस्कार श्रोतेहो,

लक्षद्वीपला चार दिवस फिरायला जाणाऱ्याचं पाण्यावाचून अडत नाही. पण बदलीवर दोन-तीन वर्षांसाठी बिऱ्हाड घेऊन जाणार असाल, तर भांड्याकुंड्यांच्या आधी पाण्याचं गणित समजून घ्या.

कवरत्ती, अगत्ती, अमिनी ही प्रवाळाची सखल बेटं. तिथे डोंगर नाही, नदी नाही, ओढाही नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसं, तरंगून राहतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर. घरोघरच्या उथळ विहिरींत येतं ते हेच, आणि भरती-ओहोटीबरोबर त्याची पातळीही वरखाली होते.

कोकणात उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की आपण ती आणखी खोदतो. इथे ते चुकूनही करू नका. खोल जाल तसं खारं पाणी जवळ येतं. उपसाही बेताने हवा. गोड्या पाण्याची पातळी एक सेंटीमीटर खाली ओढलीत, आणि ती तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी जवळजवळ चाळीस सेंटीमीटर वर सरकू पाहतं. म्हणून मोठी मोटर बसवून टाकी एका दमात भरू नये. लहान पंप दहा-पंधरा मिनिटं चालवावा, मग तासभर विहिरीला विसावा द्यावा. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या नळीचं पाणी ओढणारं खालचं टोक, तळाशी सोडू नका. ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, त्याच्या वीतभर खाली तो राहू द्या. बादलीने शेंदलंत तर उत्तमच. विहीर एकदा मचूळ झाली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज उरत नाही.

याच वाळूतून संडासाच्या टाकीचं पाणीही झपाट्याने झिरपतं. विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसो, खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही, हेही लक्षात असू द्या. शिवाय प्रवाळ म्हणजे चुनाच, त्यामुळे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, किटलीत पांढरी खापरी धरते आणि तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही बोटचेपी होत नाही. डाळीला आणि चहाला पावसाचं पाणी वापरा.

ते किती साठवायचं? पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोज पाच लिटर धरा. चौघांना वीस. डिसेंबर ते एप्रिल हे पाच महिने पावसाचा भरवसा नाही, म्हणजे तीन हजार लिटर झाले. पन्नास चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर पाचशे लिटर पाणी येतं, गळती-उडती वजा जाता चारशे हाती लागतं. पाऊस तिथे भरपूर, त्यामुळे अडचण येते ती टाकीची आणि स्वच्छतेची. छपरावर पक्ष्यांची घाण, झावळ्यांचा कचरा आणि वाऱ्याने आलेलं मीठ साचलेलं असतं. म्हणून प्रत्येक कोरड्या खंडानंतर पहिलं शंभरएक लिटर पाणी वाहू द्या, मगच पन्हळीचा पाइप टाकीला जोडा. टाकीला उजेड लागला की शेवाळ धरतं, आणि झाकणाला फट राहिली की डेंग्यूचे डास अंडी घालतात. झाकण घट्ट हवं, हवेच्या पाइपाला बारीक जाळी हवी. आणि नोव्हेंबरअखेर टाकी काठोकाठ भरलेली हवी.

कवरत्तीला 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, रोज एक लाख लिटर क्षमतेचा. पृष्ठभागावरचं कोमट पाणी निर्वात टाकीत कमी दाबाखाली वाफ होतं आणि खोल समुद्रातून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ निवते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं हे काम आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असंच आहे. तरीही घरची टाकी असू द्या. यंत्राला दुरुस्ती लागते आणि सुटा भाग मुख्य भूमीवरूनच यावा लागतो.

कांदे, बटाटे, डाळीही कोचीहून जहाजाने येतात. जूनपासून समुद्र खवळला की फेऱ्या बेभरवशाच्या होतात. मे महिन्यातच कोरडा शिधा आणि नेहमीची औषधं भरून घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत. खाऱ्या दमट हवेत मीठ पाझरतं, पिठाला जाळी धरते.

ताजी भाजी कमी मिळते, मासळी मात्र उत्तम, विशेषतः कुप्पा, म्हणजे ट्यूना. तो घेताना एक पथ्य पाळा. पकडल्यापासून बर्फावर नसलेला, उन्हात पडून राहिलेला कुप्पा घेऊ नका. त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो घास तिथेच थुंका, आणि उरलेला मासा कोंबड्या-मांजरांनाही न घालता पुरून टाका.