कुंडीतली कळलावी

श्रावणात सह्याद्रीच्या वाटांवर, करवंदीच्या जाळीतून किंवा शेताच्या कुंपणातून वर आलेले हे लाल-पिवळे फूल अनेकांच्या पाहण्यातले असते, पण ही वेल घरच्या बागेतही उत्तम वाढते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

फूल आता जवळून पाहू. कळी मान खाली घालून लटकते. उमलताना मात्र तिच्या नागमोडी कडांच्या सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. पहिल्या दिवशी हिरवट-पिवळा असलेला रंग पुढच्या काही दिवसांत टोकाकडून तांबडा होत जातो, आणि म्हणूनच एकाच वेलीवर पिवळी, नारिंगी व लाल फुले एकाच वेळी दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले असतात, तर स्त्रीकेसराचा दांडा बुडाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेला असतो. त्यामुळे फुलाचे स्वतःचे पराग त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाहीत; ते काम फुलपाखरे आणि शिंजीर यांच्याकडे असते.

लागवड कंदापासून करावी, कारण बियांपासून वाढवलेल्या वेलीला फुले यायला दोन-तीन वर्षे लागतात. कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा. औषधी उपयोगासाठी होणाऱ्या खोदाईमुळे रानातली कळलावी आधीच विरळ झाली आहे, तिच्यात आपल्या हौसेची भर नको. कोनात वाकलेल्या या कंदाला कोंब फुटतो तो केवळ फाट्याच्या टोकाशी. ते टोक मोडले, तर उरलेला कंद कितीही टपोरा असला तरी उगवत नाही. म्हणून तो दोन्ही हातांनी अलगद धरून, मे महिन्याच्या अखेरीस, पाच ते सात सेंटीमीटर खोल आडवा ठेवावा. मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडी खोल असावी आणि तिच्यातून पाण्याचा निचरा चांगला व्हावा.

पाऊस सुरू झाला की कोंब झपाट्याने वर येतो. कळलावीच्या पानाचे टोक दोऱ्यासारखे लांब होऊन आधाराभोवती गुंडाळते, त्यामुळे जाड खांबापेक्षा बारीक काटक्या किंवा जाळी तिला अधिक सोयीची पडते. काळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या खुणांची एक अळी मात्र पाने फस्त करते. सकाळी वेल पाहून ती वेचून काढणे, हा घरच्या बागेपुरता पुरेसा उपाय आहे.

एक इशारा येथे स्पष्टपणे दिला पाहिजे. या वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. संधिवाताच्या एका प्रकारावरील औषधात तेच वापरतात, पण म्हणून घरगुती औषध म्हणून कळलावीचा कोणताही भाग पोटात घेऊ नये. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ही वेल त्यांच्या आवाक्याबाहेरच हवी; कंद हाताळताना हातमोजे घालावेत, आणि कोणी चुकून काही खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

खरी परीक्षा पावसाळा संपल्यावर असते. हिवाळ्याच्या तोंडावर पाने पिवळी पडून सगळी वेल वाळते, आणि नेमक्या याच वेळी, झाड मरत आहे अशा समजुतीने, त्याला भरपूर पाणी घातले जाते. प्रत्यक्षात कंद विश्रांतीला गेलेला असतो आणि ओल्या मातीत तो कुजतो. घरातल्या बहुतेक कळलावी उन्हाळ्याच्या झळांनी नव्हे, तर या काळजीनेच दगावतात, असे म्हणायला हरकत नाही. पाने पिवळी होऊ लागताच पाणी कमी करावे, वेल पूर्ण वाळल्यावर ते थांबवावे आणि कुंडी आडोशाला, कोरड्या जागी ठेवावी. त्याच कुंडीत दुसरे रोप लावण्याचा मोह टाळावा. जमिनीत लावलेल्या कंदाशेजारी खुणेची काठी रोवावी, म्हणजे उन्हाळ्यात वाफा खणताना कुदळीचा घाव त्याच्यावर बसणार नाही.