मागच्या टेबलाचं दुकान

[दृश्य: डायल गेजची सुई, अगदी जवळून]

लाकडी शाफ्ट, म्हणजे बाणाचा दांडा, दोन टेकूंवर आडवा ठेवलाय. टेकूंमधलं अंतर 26 इंच. मधोमध 2 पाउंडांचं वजन अडकवलं की शाफ्ट वाकतो आणि तो किती वाकला ते डायलवर दिसतं. आत्ता दिसतंय 0.52 इंच. 26 ला 0.52 ने भागायचं, उत्तर 50. म्हणजे या शाफ्टची स्पाइन, ताठपणाचा आकडा, 50 पाउंड. टोकाला पेन्सिलीने 50 लिहून झालं, आता पुढचा शाफ्ट.

हा स्पाइन टेस्टर. पारंपरिक धनुष्यबाणाचं साहित्य ठेवणारं दुकान शोधायला निघालात, तर आधी याचीच चौकशी करा. लाँगबो (सरळ, लांब धनुष्य) आणि रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) भिंतीवर कुणीही टांगतं. त्या धनुष्याला जुळणारा बाण कोण देऊ शकतं, ते मागच्या टेबलावर कळतं.

[दृश्य: दुकानाचा दर्शनी भाग, कंपाउंड धनुष्यांची रांग]

पुढच्या भागात मात्र बहुतेक ठिकाणी हे असतं. कंपाउंड धनुष्यं: कप्प्या, केबल, नेम धरायची सायट. अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी कप्पीच्या धनुष्याच्या पेटंटसाठी 1966 मध्ये अर्ज केला, 1969 मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढच्या काळात दुकानांची मांडणी हळूहळू या धनुष्याभोवती बसत गेली. त्यामागे सरळ हिशोब आहे. कार्बनचे शाफ्ट कारखान्यातून एकसारखे येतात, आकडा छापलेलाच असतो. खोकं फोडायचं आणि विकायचं. लाकडाच्या एकाच गठ्ठ्यात मात्र 45 चा शाफ्ट निघतो आणि त्याच्या शेजारी 60 चाही. ते निवडायला माणूस बसवावा लागतो, आणि त्या बसण्याचे पैसे गिऱ्हाईक सहसा देत नाही. दुकानं कमी झाली ती यामुळे.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर नकाशा, मग दुकानांचे फोटो]

नकाशावर नुसतं ‘आर्चरी’ शोधलं की शूटिंग रेंज, क्रीडासाहित्याची दुकानं आणि मुलांचे खेळण्यातले संच सगळं एकत्र समोर येतं. ‘लाँगबो’, ‘लाकडी बाण’, ‘फ्लेचिंग’ (बाणाला पिसं लावणं), ‘बोयर’ (धनुष्य घडवणारा) हे शब्द टाकून बघा. लोकांचे अभिप्राय वाचण्याआधी फोटो मोठे करा. कोपऱ्यात उभे ठेवलेले, पिसं न लावलेले लांब शाफ्ट दिसतायत का? मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं? पिसांची पाकिटं? सगळ्या बाणांना पिसांऐवजी प्लास्टिकचे व्हेन असतील, तर त्या दुकानात तुमच्या कामाचं फार काही नाही. लाँगबोत बाण धनुष्याच्या शेल्फवरून, म्हणजे मुठीवरच्या बाण टेकवायच्या जागेवरून, घासून जातो. पीस तिथे दबतं आणि पुन्हा उभं राहतं. प्लास्टिकचा व्हेन दबत नाही. तो शेल्फवर आपटतो आणि बाणाची शेपटी बाजूला उडते.

[दृश्य: 3डी मैदान (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम), भात्यातले लाकडी बाण]

नकाशापेक्षा मैदान बरं. ‘वर्ल्ड आर्चरी’ या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार लाँगबो गटात लाकडी शाफ्ट आणि नैसर्गिक पिसंच चालतात. म्हणजे त्या गटात खेळणाऱ्या प्रत्येकाला बाण कुठून तरी आणावेच लागतात. भाता बघा आणि सरळ विचारा. उत्तर दरवेळी दुकानाचं येईल असं नाही. कुणी घरामागे बाण बांधत असेल, कुणी धनुष्य घडवता घडवता चार शाफ्टही विकत असेल. पाटी नसली तरी चालतं, टेबल हवं.

[दृश्य: फोनवर बोलणारा दुकानदार, हातात शाफ्ट]

जाण्याआधी फोन करा. ‘पारंपरिक सामान आहे का’ असं विचारलंत तर ‘आहे’ असंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, लाकडी शाफ्ट स्पाइन मोजून आणि वजन जुळवून मिळतात का? जाणकार दुकानदार उलट विचारतो: धनुष्य किती पाउंडांचं, तुमची ओढ किती इंच (दोरी किती मागे खेचता), बाणाचं धातूचं टोक किती ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं लहान माप)? हा उलटा प्रश्न आला की निघा. ‘500 स्पाइनचे आहेत, घेऊन जा’ असं उत्तर आलं, तर समोरचा कार्बनबद्दल बोलतोय. कार्बनचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात: 28 इंचांचं अंतर, 880 ग्रॅम वजन, आणि वाक इंचाच्या हजाराव्या भागात. 500 म्हणजे अर्धा इंच वाक. तिथे आकडा मोठा, तितका बाण मऊ. लाकडात आकडा मोठा, तितका बाण ताठ. हे दोन आकडे एकमेकांत मिसळणाऱ्याकडून लाकडी बाण घेऊ नयेत.

डावखुऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: डाव्या हाताची किती धनुष्यं प्रत्यक्ष दुकानात आहेत? ‘मागवून देऊ’ म्हणजे हातात न धरताच घ्यायचं.

[दृश्य: वजनकाटा, त्यावर एकामागून एक शाफ्ट]

आता टेबल. शाफ्ट आधी स्पाइननुसार 5-5 पाउंडांच्या गटांत जातात: 45 ते 50, 50 ते 55. मग प्रत्येक गटाचं वजन, ग्रेनमध्ये. डझनभर बाणांत 10 ग्रेनपेक्षा जास्त फरक नसला की संच चांगला. एक ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम, त्यामुळे स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही.

मग शाफ्ट उजेडात धरून फिरवायचा. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. एखादी रेष मध्येच तिरकी होऊन कडेला बाहेर पडली, तर तिथून शाफ्ट फुटतो, आणि तो धनुष्य धरलेल्या हाताजवळ फुटतो. असा शाफ्ट बाजूला.

[दृश्य: टेपर टूल, लाकडाचा पातळ पापुद्रा गोल सुटतो]

हे टेपर टूल पेन्सिलीच्या शार्पनरसारखंच चालतं, फक्त त्याला भोकं दोन. टोकाच्या बाजूला 5 अंशांचा उतार, नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या, खाच असलेल्या शेपटीच्या तुकड्याच्या) बाजूला 11 अंशांचा. पातं बोथट असेल तर पापुद्रा सलग न येता भुगा पडतो, उतार खडबडीत होतो आणि टोक तिरकं बसतं. बाण सपाट फरशीवर टोकाशी धरून भिंगरीसारखा फिरवला की तिरकेपणा लगेच दिसतो, शाफ्ट थरथरतो.

नॉक चिकटवताना तिची खाच लाकडाच्या वर्षावळ्यांच्या रेषांना काटकोनात ठेवायची. त्यामुळे शाफ्टची ताठ बाजू धनुष्याला लागते, आणि सुटताना दोरी नॉकवर पाचर मारते तेव्हा लाकूड रेषेवरून चिरत नाही. विकत घेताना हे डोळ्यांनी तपासता येतं. बारा बाण हातात घ्या आणि बाराही नॉक बघा. चार इकडे, आठ तिकडे असतील तर ते घाईत बांधलेत.

[दृश्य: फ्लेचिंग जिग, क्लॅम्पमध्ये पीस]

पिसं टर्कीच्या पंखांची. पंख डावा की उजवा, यावर पिसाचा नैसर्गिक बाक ठरतो. दोन्ही सारखेच चांगले. फक्त एका बाणावर दोन्ही मिसळायचे नाहीत, आणि जिगचा (पिसं चिकटवायच्या साच्याचा) क्लॅम्प पिसाच्याच बाजूचा हवा. डाव्या पंखाचं पीस उजव्या क्लॅम्पमध्ये धरलं की त्याचा देठ शाफ्टवर सपाट बसत नाही, मध्ये फट राहते. तीन पिसं, 120 अंशांवर. त्यातलं एक नॉकच्या खाचेला काटकोनात. तिसरं सुकेपर्यंत थांबायचं आणि मग प्रत्येक पिसाच्या दोन्ही टोकांना गोंदाचा एकेक थेंब. पुढचा थेंब विसरलात तर देठाचं टोक उचकटतं आणि बाण सुटताना हाताच्या कातडीत शिरतं.

[दृश्य: लालबुंद तार, फिरणारा बाण, धूर]

हा फेदर बर्नर. वाकवून आकार दिलेली ही तार वीज दिली की तापून लाल होते. बाण रुळांवर ठेवून एक पूर्ण फेरा द्यायचा. फेरा हळू झाला तर पिसाची कड जळून कडक होते, घाईने झाला तर आकार अर्धवट राहतो. केस जळल्यासारखा वास सगळीकडे पसरतो, म्हणून हे काम दाराजवळ. कापलेल्या आकाराची तयार पिसंही मिळतात, आणि खरं तर बहुतेकांना तीच पुरतात. पण बर्नर असलेलं दुकान तुमच्या जुन्या बाणांच्या आकाराशी नवे बाण जुळवून देतं.

टोक शेवटी. गरम करून लावायचा गोंद, दिव्याच्या ज्योतीवर टोक तापवून. शाफ्ट ज्योतीत धरायचा नाही.

[दृश्य: खुंट्यांची फळी, दोऱ्याचे पदर, मेण]

दोरी विणणारं दुकान मिळालं तर ते सोडू नका. पाकिटावर धनुष्याची लांबी छापलेली असते. ‘62 ए.एम.ओ.’ (ए.एम.ओ. हे उत्पादक संघटनेचं ठरलेलं माप) म्हणजे दोरी 62 इंचांची नसते. ती 62 इंचांच्या धनुष्यासाठी असते आणि स्वतः साधारण 59 इंचांची. इथे फ्लेमिश पीळ, म्हणजे पदर पिळून दोरीचा फासा करणं, चाललाय. प्रत्येक पदर बाहेरच्या बाजूला पिळायचा आणि तो दुसऱ्या पदरावरून आपल्याकडे आणायचा. डॅक्रॉन बी-50 या धाग्यात 35 ते 45 पाउंडांच्या धनुष्यासाठी 12 धागे, 45 ते 55 साठी 14. जुन्या धनुष्याला डॅक्रॉनच. हल्लीच्या न ताणणाऱ्या धाग्यांचा सगळा झटका लिम्बच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या) टोकांवर येतो, आणि टोकं मजबूत केलेली नसतील तर ती चिरतात.

नवी दोरी सुरुवातीला ताणली जाते, ब्रेस हाइट (मूठ ते दोरी हे अंतर) खाली येते. पीळ वाढवून ती पुन्हा वर आणता येते. दुकानदार हे न सांगताच दोरी हातात देत असेल, तर विचारून घ्या.

[दृश्य: जुना रिकर्व्ह, दोरीच्या रेषेत बघणारा डोळा]

वापरलेली धनुष्यं. अशा दुकानांत ती हमखास असतात, आणि बऱ्याचदा नव्यांपेक्षा चांगली. आधी दोरी चढवायला सांगा, आणि ती स्ट्रिंगरने (दोरी चढवायच्या जादा दोरखंडाने) चढते का ते बघा. पाय घालून, मांडीवर वाकवून चढवली तर लिम्बला पीळ पडू शकतो. दुकानातच तसं होत असेल तर तिथल्या बाकीच्या धनुष्यांचंही तेच झालेलं असणार. मग दोरीच्या रेषेत बघा: दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध धावते का? फायबरग्लासवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा जुन्या धनुष्यांना असतात, त्या बऱ्याचदा चालतात. आडवी रेष दिसली तर धनुष्य परत ठेवा. कापसाचा बोळा दोन्ही कडांवरून फिरवा. कापूस अडकला तिथे धस आहे. मुठीजवळ, जिथे थर एकत्र येतात, तिथे नखाने चाचपा. तापलेल्या गाडीत पडून राहिलेल्या धनुष्याचे थर तिथेच सुटतात. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. लिम्ब फुटतात.

[दृश्य: हुकाचा काटा दोरीला, ओढ]

लिम्बवर 45 लिहिलंय, ते 28 इंचांच्या ओढीला. तुमची ओढ 26 असेल तर हातात 40 च्या आसपासच येतं. एका इंचाला 2 ते 3 पाउंडांचा फरक पडतो. म्हणून हा काटा. आधी तुमची ओढ बाणावर खूण करून मोजायची, मग त्या खुणेपर्यंत धनुष्य ओढून वजन वाचायचं. बाण या वजनाला जुळवायचा. शाफ्ट 28 इंचांहून लांब असेल तर दर इंचाला स्पाइन साधारण 5 ने वाढवायची, आणि टोक 125 ग्रेनहून जड असेल तर दर 25 ग्रेनला तितकीच. लाँगबोची खिडकी (मुठीवरची बाण जायची कापलेली जागा) मध्यापर्यंत कापलेली नसते, बाणाला जास्त वळसा घालावा लागतो. त्याला मऊ शाफ्ट लागतो. एकूण बाणाचं वजन धनुष्याच्या दर पाउंडाला निदान 8 ग्रेन तरी हवं.

नवशिक्या प्रौढाने 25 ते 30 पाउंडांवर थांबावं. जास्तीचं विकणारे पुष्कळ भेटतील.

[दृश्य: मैदानावर पिसं असलेले आणि नसलेले बाण]

डझन बाण पहिल्याच फेरीत घेऊ नका. तीन वेगवेगळ्या स्पाइनचे दोन-दोन बाण मागा, प्रत्येक जोडीत एक पिसांचा, एक बिनपिसांचा. 10 ते 15 मीटरवरून मारा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे पडला तर शाफ्ट ताठ आहे, उजवीकडे पडला तर मऊ, डावखुऱ्यांसाठी उलट. जी जोडी एकत्र पडते, तिचा डझन बांधायला सांगा. त्यासोबत स्ट्रिंगर, एक जादा दोरी, आणि बोटांवर न फिरणारा टॅब (बोटं वाचवणारा चामड्याचा तुकडा) किंवा ग्लोव्ह.

[दृश्य: वही, पेन्सिलीने भरलेली ओळ]

दुकानदार वहीत लिहितो: धनुष्य, मोजलेलं वजन, ओढ, शाफ्टची जाडी, स्पाइन, टोक, पिसाचा आकार, कुठल्या पंखाचं. या ओळीचा फोटो काढून घ्या. पुढचे बाण फोनवर मागवता येतात, या दुकानातून किंवा दुसऱ्या कुठल्याही.