घरच्यांच्या वाटेवरचे पक्षी

श्रोतेहो, नमस्कार.

पक्षी बघण्याचा नाद घरात बहुधा एकालाच असतो, आणि सुट्टी मात्र सगळ्यांची असते. मग हा एकटा म्हणतो, ‘एक अख्खा दिवस माझा, मी पक्ष्यांना जाणार,’ आणि तिथेच बिनसतं. त्या दिवशी बाकीच्यांनी करायचं काय? म्हणून आज मी तुम्हाला एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती दोन-तीनदा सांगणार आहे. पक्ष्यांसाठी वेगळा दिवस मागू नका. घरचे जिथे जाणारच आहेत, त्या वाटेवर कोणता पक्षी आहे ते निघायच्या आधी बघून ठेवा.

मी बोलतोय मदेराबद्दल. अटलांटिक महासागरातलं पोर्तुगालचं बेट, लिस्बनपासून सुमारे हजार किलोमीटर नैऋत्येला. लांबी साधारण ५७ किलोमीटर, रुंदी फार तर २२. एवढ्याशा जागेत डोंगर १,८०० मीटरच्या वर चढतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. माझा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये असतात. तिथून विमानाने चारेक तासांत माणूस फुंशालला, मदेराच्या राजधानीला, पोचतो. आपल्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, तो वेळेत काढा.

आम्ही जूनमध्ये गेलो होतो. मी, आमच्या सौ., मुलगा, सून, नात आणि सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. त्या मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या बाजूच्या. नात त्यांना दहिवडीची आजी म्हणते. पुढची गोष्ट त्यांचीच आहे, म्हणून ओळख आधी करून दिली.

जूनमध्ये मदेरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. हॉटेलात घरची मंडळी नाश्त्याला खाली येईपर्यंत नऊ वाजतात. हे दोन तास कुणाचेच नसतात, ते तुमचे. फुंशालच्या कुठल्याही बागेत जा. आपण पिंजऱ्यात पिवळीजर्द बघतो ती कॅनरी मूळची याच भागातल्या बेटांवरची. रानातली कॅनरी हिरवट-पिवळी असते, पाठीवर रेघा असतात, आणि तारेवर बसून मोकळ्या गळ्याने गाते. ती एकदा ऐकल्यावर पिंजऱ्यात पक्षी ठेवावासा कुणाला वाटेल, मला कळत नाही. मुलांना वाढदिवसाला पिंजऱ्यातला पक्षी देण्यापेक्षा आठ पटीची साधी दुर्बीण द्या. आठ पटीचीच, दहा पटीची नको, लहान हातात ती हलते. वर आकाशात मदेराच्या पाकोळ्या फिरत असतात. नऊ वाजता तुम्ही टेबलावर हजर.

मुलांना वाळू हवी असते. मदेरावर मोठे वाळूचे किनारे नाहीतच, म्हणून सगळे बोटीने शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर जातात. तिथे नऊ किलोमीटरचा किनारा आहे. बोटीला सव्वादोन-अडीच तास लागतात. घरचे आत कॉफी घेतील, तुम्ही डेकवर उभे राहा. कोरीज शिअरवॉटर नावाचे मोठे समुद्रपक्षी पंख ताठ धरून लाटांना अगदी चिकटून जाताना दिसतील. नशीब असेल तर काळसर रंगाचा बुलवर्स पेट्रेलही. वेगळी वाट नाही, वेगळा दिवस नाही.

आणि चालायला सगळे लेवाडावर जातात. लेवाडा म्हणजे डोंगरकड्यातून शेतांकडे पाणी नेणारे पाट, आणि त्यांच्या कडेची पायवाट. रिबेरो फ्रिओपासून बाल्कोंइशच्या सज्जापर्यंत दीड किलोमीटरची सपाट वाट आहे, आजी-आजोबांना सहज जमते. दोन्ही बाजूंना लॉरेल जातीच्या झाडांचं फार जुनं रान आहे. १९९९ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं. सज्जावरून समोरच्या दरीत ट्रोकाझ कबूतर दिसतं. हे कबूतर जगात फक्त मदेरावर आहे. मदेराचा चिमुकला फायरक्रेस्टही तसाच, बाहेर कुठेच नाही. चाफिंच नावाचे छोटे पक्षी तर इतके धीट की हातावर येऊन बसतात. त्यांना वेफर्स घालणारे लोक मी पाहिले. कृपा करून तसं करू नका. खारट-तेलकट खाणं त्या जिवाला सोसत नाही.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येतो.

पिको दो आरिएरो हे तिथलं १,८१८ मीटर उंचीचं शिखर. वरपर्यंत मोटार जाते, त्यामुळे सूर्यास्त बघायला सगळे कुटुंबकबिल्यासह येतात. आमचीही मंडळी येणारच होती. मी एवढंच केलं की सूर्यास्तानंतर परत न फिरता रात्री तिथे नेणाऱ्या स्थानिक वाटाड्याबाईंबरोबर आमची नावं आधीच नोंदवून ठेवली. कारण त्या शिखराच्या आसपासच्या कड्यांवर झीनोज पेट्रेल घरटं करतो. साधारण कबुतराएवढं अंग, वरून करडा, पोटाशी पांढरा, पंखांचा पसारा ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर. युरोपातल्या सगळ्यात दुर्मिळ समुद्रपक्ष्यांपैकी हा एक, जगात त्याच्या जेमतेम ६५ ते ८० जोड्या आहेत. दिवसभर तो दूर समुद्रावर असतो. रात्र पडली की डोंगरात, कड्यावरच्या बिळात बसलेल्या जोडीदाराकडे येतो. अंधारातच येतो, कारण उजेडात शिकारी पक्षी त्याला धरतात.

सूर्य मावळला सव्वानऊच्या सुमाराला. ढग आमच्या पायांखाली होते. जून असूनही थंडी अशी की सौ.नी बॅगेत ठेवलेल्या कानटोप्या सगळ्यांनी घातल्या, सुनेनेसुद्धा. विहीणबाईंना मी म्हटलं, तुम्ही गाडीत बसलात तरी चालेल. त्या म्हणाल्या, ‘अहो, मी माणदेशातली, रात्री-अपरात्री रानात हिंडलेली बाई. मी येते.’ आणि पदर खोचून नातीचा हात धरून निघाल्या. टॉर्चच्या उजेडात, दगडी पायऱ्यांनी, एकामागे एक. पुढे एका कठड्यापाशी वाटाड्याबाईंनी सगळ्यांना बसवलं, टॉर्च विझवायला लावले आणि ओठांवर बोट ठेवलं. मोबाइलसुद्धा बंद. कोणता आवाज येणार, कसा येणार, काहीही सांगितलं नाही. त्यांची ती पद्धतच असावी.

बसलो. अर्धा तास गेला असेल, जास्तही असेल. वारा, आणि दुसरं काही नाही. नात आजीच्या शालीत शिरली होती. आणि मग खालच्या अंधारातून एक लांब सूर आला. वर चढणारा, मग खाली घसरणारा, शेवटी तुटत जाणारा. थांबला. पुन्हा आला, आता दुसऱ्या बाजूने.

विहीणबाईंनी माझ्या दंडाला धरलं. हळू आवाजात म्हणाल्या, ‘अहो, खालच्या वस्तीत कुणाचं तरी माणूस गेलंय. बाई रडतीय.’

मी म्हटलं, पक्षी आहे तो. त्या म्हणाल्या, ‘नाही हो. रडणं मला कळतं.’ आणि त्यांनी अंधारात हात जोडले. तोवर डोक्यावरून काहीतरी गेलं, पंखांचा वारा कानाला लागला, आणि तोच रडण्याचा सूर आमच्या अगदी वर उमटला. नात उठून उभी राहिली. ‘आजी, उडतंय ते! रडणारं उडतंय!’

तासाभराने परत फिरलो. गाडीतळाशी आल्यावर आमच्या सुनेने तिची आई काय म्हणाली ते वाटाड्याबाईंना सांगितलं. बाई थबकल्या. त्यांनी विहीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि गोष्ट सांगितली. सून आम्हाला मराठीत सांगत होती.

१९०३ साली एर्न्स्ट श्मिट्झ नावाच्या पाद्रींनी या पक्ष्याची पहिली नोंद केली. पुढे इतका क्वचित सापडला की विसाव्या शतकाच्या मध्यावर तो संपला असंच सगळे धरून चालले. मदेरातच राहणारे पॉल अलेक्झांडर झीनो यांचा मात्र शोध चालू होता. जवळच्या बुजिओ बेटावर याच्या नात्यातला दुसरा एक पेट्रेल आहे. त्याच्या आवाजाची ध्वनिफीत झीनोंनी कुर्राल दास फ्रेरास या डोंगरातल्या गावच्या एका मेंढपाळाला ऐकवली. लुकास त्याचं नाव. लुकासने आवाज तिथल्या तिथे ओळखला. डोंगरातले मेंढपाळ तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते मेलेल्या मेंढपाळांचे तळमळणारे आत्मे होते. झीनो त्या आवाजाच्या मागावर गेले, आणि १९६९ साली पक्षी पुन्हा सापडला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘मग इतकी वर्षं मेंढरंवाल्याला कुणी विचारलं का नाही?’

श्रोतेहो, हा प्रश्न मी तेव्हापासून जिथे जातो तिथे सांगतो. आपल्या देशातही हेच घडलेलं आहे. जेर्डनचा धाविक हा पक्षी, इंग्रजीत जेर्डन्स कोर्सर, १९०० नंतर कुणाला दिसला नव्हता. १९८६ साली आंध्रातल्या कडप्पा भागात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधात तो पुन्हा मिळाला, तोही पक्षी धरणाऱ्या एका गावकऱ्याच्या हातून. माझं स्पष्ट मत आहे. पक्षीगणनेला, जंगलाच्या सर्वेक्षणाला जाणाऱ्या प्रत्येक चमूत एक धनगर, एक पारधी, एक कातकरी मानधन देऊन, मानाने घेतला पाहिजे. आपल्याकडे त्याला सामान उचलायला घेतात, आणि अहवालात त्याचं नाव नसतं. ते मला सहन होत नाही.

वेळ थोडा उरलाय. झीनोज पेट्रेल वसंतात डोंगरात येतो, एकच अंडं घालतो, आणि पिल्लं सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्रावर जातात. आवाज ऐकायला मे ते जुलै बरे. एकट्याने जाऊ नका, वाटाड्या घ्याच. तिथल्या वाटेच्या कडेला खोल दऱ्या आहेत आणि घरट्यांचे कडे जपलेले आहेत. मांजरांनी १९९१ साली यांचे दहा मोठे पक्षी मारले. ऑगस्ट २०१० मधल्या वणव्यात २५ पिल्लं आणि ३ प्रौढ पक्षी मेले. एवढ्याशा जमातीतले! तेव्हा तिथे ऐकायला बसल्यावर टॉर्च, फ्लॅश, मोबाइलवर आवाज वाजवणं, यातलं काहीही नको. आणि शरद ऋतूत अशा बेटांवर गेलात तर रात्री हॉटेलच्या बाल्कनीतला दिवा मालवा. शिअरवॉटरची पिल्लं पहिल्यांदा उडतात तेव्हा दिव्यांना भुलून रस्त्यावर पडतात.

पुन्हा सांगतो. वेगळा दिवस मागू नका. घरचे सूर्यास्ताला जाणारच होते, मी त्याला फक्त रात्र जोडली.

पुढच्या वर्षीचं आता विहीणबाईंनीच काढलंय. पोर्तुगालच्याच अझोर्स द्वीपसमूहातलं साओ मिगेल बेट. तिथे प्रिओलो नावाचा छोटा पक्षी आहे, बुलफिंचच्या जातीचा, जगात फक्त त्या एका बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगरात. नातीला त्याच बेटावरच्या फुर्नासच्या गरम पाण्याच्या कुंडांत डुंबायचंय. मी नकाशा पाहिला. फुर्नासहून पूर्वेकडे तोच रस्ता प्रिओलोच्या रानाकडे जातो. सकाळी प्रिओलो, दुपारी कुंडं.

नमस्कार.