क्लिअर कोटचा हिशेब : मोटारीच्या रंगासाठी तीन पॉलिशिंग यंत्रे

डोळ्यांसमोर आणा एका काळ्या मोटारीचे बॉनेट. सावलीत ते नितळ दिसते. तिरका एलईडी दिवा धरला, की प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांची गोल जाळी उमटते. ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना पडलेले असतात; मात्र प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून जाळी गोल भासते. आपल्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी कोरड्या फडक्याने धुळीसकट गाडी पुसली जाते, त्यातूनही असेच ओरखडे साचत जातात.

हे ओरखडे बहुधा रंगात नसून त्यावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये असतात. नव्या गाडीवर तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचा असतो. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर झिजवायचा, आणि झिजलेला थर परत येत नाही. म्हणूनच यंत्रांची तुलना चमक किती लवकर येते यावर करणे मला अपुरे वाटते; थर किती गेला आणि मागे काय उरले, हे पाहायला हवे.

रोटरी हे यांतले सर्वांत जुने यंत्र. त्याचे पॅड एकाच अक्षाभोवती, मिनिटाला सुमारे ६०० ते ३००० फेरे घेत फिरते आणि मोटरचा सगळा जोर थेट पृष्ठभागावर येतो. खोल ओरखडे ते झपाट्याने काढते. पण बॉनेटच्या उठावदार कडेवर, जिथे थर मुळात पातळ असतो, तिथे हात क्षणभर जास्त रेंगाळला तरी रंग उघडा पडू शकतो. गॅरेजमधले ‘रबिंग’ अनेकदा याच यंत्रावर लोकरीचे पॅड लावून उरकले जाते. गाडी ताब्यात घेताना ती आरशासारखी लखलखते, कारण कंपाउंडमधील, म्हणजे पॅडवर घेतलेल्या घासणाऱ्या लेपातील, तेलाने खुणा झाकलेल्या असतात. दोन-चार धुण्यांनंतर उन्हात होलोग्रामचे पट्टे, म्हणजे यंत्राच्या पॅडने उमटवलेल्या बारीक खुणांचे चमकते माग, दिसू लागतात.

ड्युअल ॲक्शन यंत्राचे पॅड स्वतःभोवती फिरताना एका लहान वर्तुळातही घुमते. त्या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात. अमेरिकेच्या पोर्टर-केबल ७४२४ एक्सपीचा थ्रो सुमारे ८ मिलिमीटर आहे. इटलीच्या रुपेस कंपनीने बिगफूट यंत्रांत तो १५ आणि २१ मिलिमीटरपर्यंत नेला. थ्रो मोठा असला, की एका फेरीत अधिक पृष्ठभाग घासला जातो. यातले स्वतःभोवतीचे फिरणे बेअरिंगवर मोकळे असते. दाब वाढला किंवा पॅड वळणावर तिरके टेकले, तर ते थांबते आणि यंत्र नुसते थरथरत राहते. रंग वाचतो, ओरखडाही तसाच राहतो. म्हणून कारागीर पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवतात : रेघ स्थिर दिसू लागली, की दाब कमी करायचा.

जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीच्या एक्ससी ३४०१मध्ये हेच फिरणे गिअरने सक्तीचे केले आहे. थ्रो ८ मिलिमीटरच, पण वळणावरही पॅड अडत नाही. मात्र यंत्र हातातून सरकू पाहते आणि ते सांभाळायला सराव लागतो.

तुलना प्रामाणिक करायची, तर बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून दोन्ही भागांवर तेच कंपाउंड आणि त्याच प्रकारचे पॅड वापरावे, आणि पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पुसल्यावरच दिवा धरावा. यंत्रापेक्षा पॅड बदलल्याने जास्त फरक पडलेला पुष्कळदा दिसतो, हे विक्रेते क्वचितच सांगतात. सपाट बॉनेटसाठी माझी पसंती १५ मिलिमीटरच्या मोकळ्या यंत्राला आहे. रोटरी बाहेर काढावी ती खोल ओरखड्यांपुरती, तीही जाडी मोजून. बंपरवर मात्र रोटरी नकोच, कारण तो प्लास्टिकचा असतो आणि धातूच्या पत्र्यासाठी बनवलेले नेहमीचे जाडीमापक तिथे आकडाच दाखवत नाही.